जुन्या जीपचे मऊ ब्रेक : पेडल काय सांगते?

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे वडिलांनी घेतलेली सीजे-३बी धर्तीची जुनी जीप आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारे उपकरण, नाही. गेला पावसाळाभर ती शेडमध्ये उभी होती. दिवाळीत बाहेर काढली तेव्हापासून ब्रेकचे पेडल पहिल्या दाबात जवळजवळ तळाला टेकते. लागोपाठ दोन-तीनदा पंप केले की ते वर येते आणि तेथे चांगले घट्ट लागते; पण पाय काढून एक-दोन मिनिटांनी पुन्हा दाबले की पहिल्यासारखेच खाली जाते. ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नाही. गॅरेजमध्ये मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) किट, म्हणजे आतली रबरे, बदलून झाले, दोनदा हवा काढून झाली, तरी काही फरक पडलेला नाही. आता मेकॅनिक अख्खा मास्टर सिलिंडरच नवा टाकायला सांगत आहेत. आम्हाला भोरहून वरंध घाट उतरून महाडकडे वरचेवर जावे लागते, म्हणून काळजी वाटते. काय करावे? — एक वाचक, भोर

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती. ब्रेक नीट होईपर्यंत ही जीप घाटात नेऊ नये, अगदी रिकामीसुद्धा. आपल्या जीपमध्ये पेडलमागे एकच पिस्टन आणि चारही चाकांना मिळून ऑइलची एकच वाट असते. त्यामुळे एका चाकाचे व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक दाबणारे) फुटले किंवा एक पाइप गळला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नंतरच्या काळात दोन स्वतंत्र वाटा असलेले मास्टर सिलिंडर आले. अमेरिकेत तर १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. आपल्या जीपमध्ये ती सोय नाही, म्हणून पेडलच्या छोट्या तक्रारीकडेही या गाडीत दुर्लक्ष करून चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण पेडलचे वर्णन फार काळजीपूर्वक केले आहे, आणि त्यातच निम्मे उत्तर आहे. ‘ब्रेक मऊ लागतो’ ही एकच तक्रार असली तरी तिच्यामागे किमान तीन वेगळे आजार असतात आणि पायाला ते वेगवेगळे जाणवतात. पंप केल्यावर पेडल वर येते, पण वर आल्यावरही स्पंजावर पाय ठेवल्यासारखे लवचिक लागते, तेव्हा ऑइलमध्ये हवा आहे किंवा एखादा रबरी होज पाइप फुगतो आहे. पेडल वर येऊन घट्ट लागते, पण पाय दाबून तसाच धरून ठेवला की सावकाश खाली सरकत जाते, तेव्हा ऑइल कुठेतरी निसटते आहे. बाहेर गळती दिसत नसेल तर ते मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपावरून मागे सरकत असते. तिसरा प्रकार आपला आहे : पहिला दाब खोल, पंप केल्यावर वर आणि घट्ट, आणि ऑइलची पातळी कायम. याचा अर्थ ऑइल जागेवर आहे आणि हवा बहुधा नाही. मात्र ब्रेक शू (आतून घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारे भांडे) यांच्यात जास्त अंतर पडले आहे.

मास्टर सिलिंडर बदलण्याआधी एक साधी खात्री करून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून वर आणा आणि भक्कम दाब देऊन पूर्ण एक मिनिट धरून ठेवा. ते एका रेषेतच राहिले, तर मास्टर सिलिंडर आपले काम करतो आहे आणि त्याच्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

शूमधले अंतर इतके महत्त्वाचे का, हे थोड्या हिशेबाने कळेल. समजा मास्टर सिलिंडर आणि सगळे व्हील सिलिंडर एकाच व्यासाचे आहेत. चार चाकांत मिळून आठ पिस्टन आहेत. प्रत्येक पिस्टनला शू ड्रमला टेकवण्यासाठी नेहमीपेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर जास्त सरकावे लागले, तर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला चार मिलिमीटर जास्त सरकावे लागते. पेडलचा दांडा पाचास एक या प्रमाणात काम करतो असे धरले, तर पायाला वीस मिलिमीटर जास्त खाली जावे लागते. प्रत्येक पिस्टनमागे अंतर एक मिलिमीटरने वाढले की तोच आकडा चाळीसवर जातो आणि पेडल तळाजवळ पोचते. लागोपाठ पंप केल्यावर ते वर का येते, तेही यातूनच समजते : पेडल झटकन सुटते, पण शू स्प्रिंगच्या ओढीने मागे यायला थोडा अवधी लागतो, आणि तेवढ्यात मास्टर सिलिंडर टाकीतले आणखी थोडे ऑइल पुढे ढकलतो. एक-दोन मिनिटे थांबलात की शू जागेवर परततात आणि जास्तीचे ऑइल टाकीत जाते. हवा कितीही वेळा काढली तरी हे अंतर कमी होणार नाही, म्हणून गॅरेजमधल्या दोन्ही खेपा वाया गेल्या.

आजच्या बऱ्याच गाड्यांत शू झिजतील तसे अंतर आपोआप जुळते. या जीपांत ते हातानेच जुळवावे लागते. ड्रममागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅकिंग प्लेटवर, प्रत्येक शूसाठी एक कॅम असतो आणि त्याचे डोके बाहेरून पान्ह्याने फिरवता येते. चाक जॅकवर उचलावे, हाताने फिरवत राहावे आणि एका शूचा कॅम हळूहळू फिरवत चाक अडेपर्यंत न्यावा. मग चाक मोकळे फिरू लागेल एवढाच तो मागे घ्यावा. किंचित घासल्याचा आवाज आला तरी चालेल. त्यानंतर त्याच चाकाचा दुसरा शू. अशा रीतीने चारही चाके, म्हणजे आठ कॅम. खाली शूची टाच ज्या पिनांवर बसते, त्या पिनाही फिरवून जुळवता येतात. परंतु त्यांना हात फक्त नवे लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, बसवताना लावावा. जीपची मूळ कंपनी विलीज हिच्या मापाप्रमाणे टाचेकडे ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच एवढे अंतर फीलर गेजने (बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ठेवतात. अंदाजाने पिना फिरवल्या तर शूचा अर्धाच भाग ड्रमला टेकतो आणि मग पेडल पुन्हा लवचिक लागू लागते.

येथे जिवाशी संबंधित एक गोष्ट सांगतो. आपल्या धर्तीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) मागच्या टोकाला, प्रॉपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, बसवलेला असतो. एरवी ही चांगली सोय आहे, कारण ऑइलचे ब्रेक गेले तरी तो स्वतंत्रपणे काम करतो. पण मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारे गिअर) ते चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक धरून राहत नाही. हँडब्रेक ओढलेला असूनही जीप जॅकवरून घसरू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि स्टँडवर टेकवल्याशिवाय गाडीखाली शिरू नये.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जीपमध्ये कॅम फिरवून काम भागेलच असे नाही. कोकणाच्या तोंडाशी असलेल्या आपल्या भागातली दमट हवा ड्रममध्ये शिरते, शू ज्यावर सरकतात ते बिंदू गंजतात आणि व्हील सिलिंडरचे पिस्टन जागेवर अडकतात. काही कॅम तर इतके गंजतात की पान्हा लावल्यावर डोकेच तुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि मगच पान्हा लावावा. म्हणून माझा आग्रह आहे की एकदा चारही ड्रम उतरवून आत पाहावेच. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते, तेव्हा आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. पाण्याने भिजवून पुसून काढावी.

ड्रम उतरवल्यावर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपणे स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचलून आत पाहा. किंचित ओल चालते. थेंब जमलेला दिसला तर कप गेले आहेत, आणि आज बाहेर गळत नसले तरी घाटातल्या पहिल्या भक्कम दाबाला ते गळू शकतात. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर किट न टाकता पूर्ण सिलिंडर बदलावा, कारण खडबडीत भिंतीवर नवे रबरही टिकत नाही.

शूवर ओल दिसली तर ती कशाची आहे, हे ठरवणे आवश्यक असते. ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलिंडर दोषी, आणि ९० नंबरचे गिअर ऑइल असेल तर ॲक्सलचे ऑइल सील. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात त्या ओलीचे दोन थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. गिअर ऑइल वर तरंगते, बोटाला चिकट लागते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कोणतेही तेल मुरलेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत. वरून कोरडे दिसले तरी ड्रम तापला की आतले तेल बाहेर येते आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढू लागते.

सुटे भाग कशाने धुतले जातात, याकडे मालकाने स्वतः लक्ष द्यावे. पेट्रोल किंवा डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे आणि इंजिनच्या लोखंडी भागांसाठी ती ठीक आहे. ब्रेकच्या रबरांना मात्र खनिज तेलाचा थेंबही सोसत नाही. ती फुगतात, मऊ होतात आणि महिन्याभरात पेडल पुन्हा बिघडते. ब्रेकचे आतले भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने पुसावेत. टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतले गेले असेल, तर मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे प्रत्येक रबर आणि प्रत्येक होज पाइप बदलणे एवढाच खात्रीचा उपाय आहे.

आपल्याकडे मास्टर सिलिंडरचे किट नुकतेच बदलले आहे, म्हणून आणखी दोन ठिकाणी पाहावे. एक म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या टोकाला असलेला छोटा चेक व्हॉल्व्ह. पेडल सोडल्यावरही नळ्यांमध्ये थोडा दाब राहावा, यासाठी तो असतो. त्या दाबाने व्हील सिलिंडरचे कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. किट बसवताना तो उलटा बसला किंवा राहूनच गेला, तर पेडल पंप करावे लागते. पेडल दाबून सोडल्यानंतर काही क्षणांनी चाकाचे निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडले असता ऑइलची बारीकशी चिळकांडी उडाली पाहिजे. ऑइल नुसतेच झिरपले तर व्हॉल्व्ह तपासावा. दुसरे म्हणजे पेडलची मोकळी चाल. दांडा पिस्टनला टेकण्यापूर्वी पेडल सुमारे अर्धा इंच सैल हलले पाहिजे. पेडल खोल जाते म्हणून दांडा लांब करून ही चाल नाहीशी केली जाते, तेव्हा मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक भोक बंदच राहते, ऑइल टाकीत परतत नाही आणि पाच-सहा किलोमीटर चालवल्यावर ब्रेक धरून बसतात. असा उपाय कोणी सुचवला तर मान्य करू नये.

हे सर्व झाल्यावर शेवटी हवा काढावी. आपला मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीला बसवलेला आहे आणि त्याचे झाकण फळीतली छोटी पट्टी काढून उघडावे लागते. त्या झाकणाभोवती वर्षानुवर्षांचा चिखल साचलेला असतो. तो आधी फडक्याने पूर्ण पुसून घ्यावा, नाहीतर झाकण फिरवताच माती टाकीत पडते. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये सर्वांत लांबचे चाक मागचे डावे, म्हणून तेथून सुरुवात करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा क्रम ठेवावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. मदतनिसाने पेडल सावकाश दाबून धरावे, आपण निपल उघडावे, ऑइल येऊन थांबले की निपल बंद करावे, आणि ते बंद झाल्याचे सांगितल्यावरच त्याने पाय उचलावा. भराभर पंप करण्याने हवेचे मोठे बुडबुडे फुटून फेस होतो आणि तो निघता निघत नाही. टाकी मधूनच रिकामी होऊ दिली तर सर्व पहिल्यापासून करावे लागते, म्हणून प्रत्येक चाकानंतर पातळी पाहावी. बाटलीत जमलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये.

ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४ यांपैकी, नव्या सीलबंद डब्यातले घ्यावे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ताज्या डॉट-३ साठी किमान २०५ अंश सेल्सिअस ठरवलेले आहे, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० वर येते. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. वरंधसारख्या उतारावर सतत ब्रेक दाबून आलेल्या जीपमध्ये जुने ऑइल व्हील सिलिंडरमध्ये उकळते, त्याची वाफ होते आणि मघापर्यंत चांगले असलेले पेडल अचानक पायाखालून निघून जाते. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणे हा खर्च मुळीच जास्त नाही. सिलिकॉनचे डॉट-५ मात्र या ऑइलमध्ये मिसळू नये. ऑइल रंगावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे, कारण ते रंग उचलते.

प्रश्न : माझ्या जिप्सीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कला पॅडने पकडणारे भाग) दुरुस्तीसाठी काढून पुन्हा बसवले. त्यानंतर पेडल सतत स्पंजासारखे लागते. चार वेळा हवा काढली. गळती कोठेही नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडीसमोर उकिडवे बसून दोन्ही कॅलिपरचे निपल कोठे आहे ते पाहा. ते कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूला असले पाहिजे. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूचे कॅलिपर एकमेकांच्या जागी सहज बसतात, आणि तसे झाले तर निपल खाली येते. हवा वर जाते, निपल खाली राहते, आणि कितीही वेळा प्रयत्न केला तरी तो बुडबुडा आतच राहतो. तसे आढळले तर कॅलिपरची अदलाबदल करून पुन्हा एकदाच हवा काढावी. बहुधा तेवढ्याने पेडल घट्ट होईल.

निपल वरच असेल, तर पुढच्या होज पाइपांकडे वळावे. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत नेमका हा दोष निघाला होता. बाहेरून पाइपला एक चीरही नव्हती. मुलाला पेडल दाबायला सांगून मी पाइपवर दोन बोटे ठेवली, आणि प्रत्येक दाबासरशी कपलिंगपासून साधारण तीन बोटे अंतरावर तो बोटांखाली फुगून पुन्हा बसत असल्याचे जाणवले. दोन्ही बाजूंचे पाइप बदलल्यावर त्याच दिवशी पेडल वर आले. वय झालेले होज पाइप एकेक करून बदलू नयेत, जोडीनेच बदलावेत. आणि ऑइलची धातूची नळी खराब झाली असेल तर मधला तुकडा कापून तेथे रबरी नळी व क्लिप लावण्याचे काम कोणालाही करू देऊ नये. ब्रेकच्या दाबाला असा सांधा टिकत नाही.

वळणावरून आल्यानंतरचा पहिलाच दाब खोल जातो आणि पुढचे ठीक लागतात, असे होत असेल, तर पुढच्या चाकाचे बेअरिंग सैल आहे का ते पाहा. चाक डगमगले की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पिस्टनला जास्त सरकावे लागते. चाक उचलून वर-खाली हलवले की सैलपणा हाताला लगेच कळतो.

प्रश्न : आमच्या गावाकडच्या वाटेवर ओढा लागतो. पाण्यातून जीप काढल्यानंतर काही वेळ ब्रेक लागतच नाहीत. हाही मऊ ब्रेकचाच प्रकार समजावा का? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. पेडल वर आणि घट्ट असेल, पण गाडी थांबत नसेल, तर ऑइलच्या भागात दोष नाही. ड्रममध्ये पाणी शिरून लायनर ओले झाले आहेत. ओढा ओलांडल्यावर पुढे-मागे कोणी नसल्याची खात्री करून, पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश चालवत, डाव्या पायाने ब्रेक हलकासा धरून ठेवावा. शंभर-दोनशे मीटरमध्ये ड्रम तापून पाणी उडते आणि पकड परत येते. ती आल्याची खात्री एकदा पूर्ण थांबून करून घ्यावी आणि मगच वेग घ्यावा. ओढ्यानंतर लगेच उतार असेल, तर हे काम उतार सुरू होण्याआधीच उरकावे.

पाण्याबरोबर बारीक रेती आणि गाळही आत जातो आणि तो लायनर व ड्रम दोन्ही झपाट्याने खातो. त्यामुळे आपल्यासारख्या वाटेवरच्या जीपमध्ये शूचे अंतर लवकर वाढते आणि काही महिन्यांनी पहिल्या पत्रातल्या वाचकांसारखे पेडल खोल जाऊ लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ड्रम उतरवून धुवावेत आणि त्याच वेळी कॅम जुळवून घ्यावेत. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर रेघा पडल्या असतील तर लेथवर तो साफ करून घेता येतो. मात्र ड्रम जितका मोठा होईल तितका जुन्या शूचा गोलवा त्याला जुळेनासा होतो, म्हणून लेथवाल्याकडे ड्रम नेताना शूही सोबत न्यावेत आणि लायनर त्या ड्रमच्या मापाने घासून घ्यावेत.